हजेरीपटावर पहिले नाव आपले



पवित्र कुरआनच्या सूरह अल-हश्रमधील १८ व्या आयतीत श्रद्धावंतांना एक स्पष्ट आदेश दिला आहे. त्यांनी अल्लाहचे भय बाळगावे आणि प्रत्येक जीवाने उद्यासाठी काय पुढे पाठविले आहे, हे स्वतः पाहावे, असा त्या आदेशाचा आशय आहे. या स्वतःच्या हिशेबालाच आपण मुहासबा म्हणतो. रमजानच्या शेवटच्या दहा रात्रींत, एखाद्या जनाजाहून परतताना किंवा आजारपणात आपण हा हिशेब मांडतो. नमाज किती चुकल्या, रोजे कसे गेले, जकात पूर्ण दिली काय, जिभेने कोणाला दुखविले, हे आपण स्वतःला विचारतो. परंतु दिवसाचे आठ-दहा तास ज्या ठिकाणी जातात, ते कामाचे ठिकाण या हिशेबातून बहुधा सुटून जाते. आपल्या हाताखाली जी माणसे काम करतात, त्यांच्याशी आपण कसे वागतो, हा प्रश्न ‘दुनियादारी’च्या खात्यात टाकून आपण मोकळे होतो.

या लेखात त्याच सुटलेल्या पानाचा विचार करावयाचा आहे.

व्यवस्थापक कोण?

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर झरी हे गाव आहे. काळ्या जमिनीचा, कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारीचा हा परिसर. अशा गावात ‘व्यवस्थापक’ किंवा ‘मॅनेजर’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे शहरातले कार्यालय येते आणि वाचकाला वाटते की हा विषय आपला नाही. पण क्षणभर गावाकडे नीट पाहा. शाळेचा मुख्याध्यापक आहे, अंगणवाडीची सेविका आहे आणि तिच्या हाताखाली मदतनीस आहे. बचत गटाची अध्यक्षा आहे. चार गवंडी आणि दहा बिगारी घेऊन घरे बांधणारा ठेकेदार आहे. जिनिंगमधला सुपरवायझर आहे, खतांच्या दुकानात दोन पोरे ठेवणारा दुकानदार आहे, सोयाबीन काढणीला मजुरांची टोळी नेणारा मुकादम आहे. कापूस वेचणीला बाया लावणारा शेतकरी आहे. परभणी, छत्रपती संभाजीनगर, पुणे येथे नोकरीला गेलेली आपली मुले-मुली आज कोणत्या ना कोणत्या विभागाच्या प्रमुख आहेत.

हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी कथन केलेली, बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत असलेली हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. तिचा आशय असा की तुमच्यापैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि त्याच्या राखणीत जे आहे, त्याविषयी त्याला विचारले जाईल. या हदीसमध्ये शासकाचा उल्लेख आहे, घरातील पुरुषाचा आहे, घर सांभाळणाऱ्या स्त्रीचा आहे आणि मालकाच्या मालाची राखण करणाऱ्या सेवकाचाही आहे. म्हणजे पदाची उंची येथे गौण ठरते. ज्याच्या शब्दावर दुसऱ्या एका माणसाचा दिवस सुखाचा किंवा दुःखाचा होतो, तो राखणदार ठरतो. या अर्थाने झरीच्या मशिदीतल्या प्रत्येक सफमध्ये काही व्यवस्थापक उभे असतात.

स्वतःला मोजणे कठीण का?

नमाज चुकली की ती चुकल्याचे आपल्याला कळते. नेतृत्वाचे तसे नाही. ज्याच्या हाती दुसऱ्याची मजुरी आहे, त्याला त्याचे दोष कोणी सांगत नाही. मजूर मान हलवतो, शिपाई ‘होय साहेब’ म्हणतो, कनिष्ठ शिक्षक हसून गप्प बसतो. या गप्प बसण्याला आपण संमती समजतो आणि पुढे तिलाच आदर समजू लागतो.

त्यामुळे आपली मापे चुकतात. ‘माझ्यापुढे कोणी तोंड उघडत नाही’ हे एक माप. त्याने केवळ भीती मोजली जाते. ‘काम वेळेत उरकते’ हे दुसरे. पण काम चांगल्या नेतृत्वाने उरकले की कोणाच्या तरी मोडलेल्या कमरेवर उरकले, हे त्यातून कळत नाही. ‘मी स्वतः सर्वांपेक्षा जास्त राबतो’ हे तिसरे. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की या माणसाला इतरांवर विश्वास टाकता येत नाही. ‘वरिष्ठ माझ्यावर खूश आहेत’ हे चौथे आणि सर्वांत फसवे माप, कारण राखणीत असलेली माणसे वर नसतात, ती खाली असतात.

सूरह अल-कियामहच्या १४ व्या व १५ व्या आयतींत मानवाच्या या स्वभावावर बोट ठेवले आहे. माणूस कितीही सबबी पुढे करो, तो स्वतःविरुद्धचा साक्षीदार स्वतःच असतो, असा त्यांचा आशय आहे. आपले चुकते कोठे, हे आत कोठेतरी आपल्याला माहीत असते. सबबींचा ढीग बाजूला सारला की ते दिसते. म्हणून मुहासब्याचे प्रश्न असे हवेत की ज्यांना सबब हे उत्तर चालणार नाही. ‘मी चांगला प्रमुख आहे काय?’ या प्रश्नाला मन लगेच ‘होय’ म्हणते. ‘गेल्या महिन्यात मी कोणाची मजुरी कोणत्या तारखेला दिली?’ या प्रश्नाला मात्र तारीखच सांगावी लागते.

मुकादमाचे उदाहरण

आपल्या मराठवाड्यात नेतृत्वाची सर्वांत कठोर परीक्षा कोठे होत असेल, तर ती ऊसतोडीच्या फडात. दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. निघण्यापूर्वी मुकादम त्यांना ‘उचल’ देतो आणि पुढे तोडलेल्या उसातून ती फेडली जाते. मुकादम हा कारखाना आणि मजूर यांच्यामधला दुवा. टोळी गोळा करणे, हजेरी ठेवणे, भांडणे मिटविणे, आजाऱ्याला दवाखान्यात नेणे, हिशेब करणे ही सर्व त्याची कामे. त्याला त्याचे कमिशन मिळते. व्यवस्थापनाच्या कोणत्याही पुस्तकात सांगितलेली सगळी कौशल्ये या एका माणसाला लागतात. त्याच्यावरही उचलीच्या वसुलीचा बोजा असतो आणि टोळीतून कोणी पळाले तर भुर्दंड त्यालाच बसतो, हेही विसरता कामा नये.

या व्यवस्थेत ‘खाडा’ नावाची एक पद्धत आहे. कामाचा दिवस बुडाला की दंड कापला जातो. पाळी असो, बाळंतपण असो, ताप असो, दिवस बुडाला तो बुडालाच. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या सर्वेक्षणात ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे नोंदले गेले. या आकड्यामागे दारिद्र्य आहे, अल्पवयातील विवाह आहेत, उपचारांची दुरवस्था आहे. सगळा दोष मुकादमांवर टाकणे अन्यायाचे होईल. तरीही एक गोष्ट विचार करायला लावते. ज्या कामाच्या ठिकाणी बाईला आजारपणाचा एक दिवस मागता येत नाही, तेथे प्रमुखाला सगळे सुरळीत चालल्यासारखेच वाटत असते. टोळी फडात वेळेवर हजर असते, हजेरीपट भरलेला असतो, तक्रार एकही नसते. वर सांगितलेल्या चारही मापांनी मोजले तर हा प्रमुख उत्तम ठरतो.

याच ठिकाणी सूरह अन्-नम्लमधील हजरत सुलैमान (अ.) यांचा प्रसंग आठवावा. त्यांनी पक्ष्यांची हजेरी घेतली, तेव्हा हुदहुद दिसला नाही. कुरआनने त्यांचे शब्द ज्या क्रमाने सांगितले आहेत, तो क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. प्रथम त्यांनी स्वतःविषयी शंका घेतली की मलाच तो दिसत नाही काय, आणि त्यानंतर तो गैरहजर आहे काय, असे विचारले. शिक्षेची भाषा त्यांनी केली, पण स्पष्ट कारण दाखविल्यास सूट आहे, हेही त्याच वाक्यात सांगितले. हुदहुद परत आला आणि एवढ्या मोठ्या बादशहासमोर निर्भयपणे म्हणाला की आपल्याला माहीत नसलेली गोष्ट मी जाणून आलो आहे. हजरत सुलैमान (अ.) रागावले नाहीत. त्याचे म्हणणे आंधळेपणाने मान्यही केले नाही. ते खरे की खोटे, हे पाहू असे सांगून त्यांनी पत्र पोहोचविण्याची जबाबदारी त्याच्याचवर सोपविली.

गैरहजर असलेल्या माणसाशी आपण कसे वागतो, या एका प्रसंगात नेतृत्वाची सर्व परीक्षा आहे: आपल्या समजुतीवर शंका घेणे, कारण ऐकून घेणे, पडताळणे आणि विश्वास टाकणे. आता ही परीक्षा चार कसोट्यांवर आपण स्वतःची घेऊ.

पहिली कसोटी: पात्रता

सूरह अल-कससच्या २६ व्या आयतीत कामावर ठेवण्याजोग्या उत्तम माणसाचे दोन गुण सांगितले आहेत, सामर्थ्य आणि विश्वासूपणा. हजरत यूसुफ (अ.) यांनी इजिप्तच्या भांडारांची जबाबदारी मागितली, तेव्हा आपण राखण करणारे आहोत आणि जाणकारही आहोत, असे सांगितले (सूरह यूसुफ, आयत ५५). दोन्ही ठिकाणी सचोटीच्या जोडीला कामाचे ज्ञान आहे.

आपल्या समाजात मात्र एक गैरसमज खोल रुजला आहे. माणूस नेक असला की तो कोणतेही पद सांभाळील, असे आपल्याला वाटते. हजरत अबूजर (रजि.) यांच्यासारख्या थोर सहाबींनी पदाची इच्छा व्यक्त केली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना प्रेमाने सांगितले की तुम्ही या बाबतीत दुर्बल आहात आणि पद ही अमानत आहे (मुस्लिम). यामुळे हजरत अबूजर (रजि.) यांचा दर्जा तसूभरही कमी झाला नाही. उलट हिजरी सन ११ मध्ये सैन्याचे नेतृत्व तरुण हजरत उसामा बिन जैद (रजि.) यांच्याकडे दिले गेले आणि काहींनी कुरकुर केली, तेव्हा ते या कामास पात्र आहेत, असे प्रेषितांनी ठामपणे सांगितले.

म्हणून स्वतःला विचारा: माझ्या कामातील कोणती बाब मला येत नाही? हिशेब की संगणक? रागावर ताबा की लोकांना काम वाटून देणे? ती शिकण्यासाठी मी काय केले? माझ्यापेक्षा वयाने लहान पण अधिक जाणकार असा कोणी हाताखाली आहे काय, आणि मी त्याला पुढे येऊ देतो काय?

दुसरी कसोटी: न्याय

सूरह अल-मुतफ्फिफीनच्या आरंभी माप चोरणाऱ्यांचा विनाश सांगितला आहे. घेताना ते पूर्ण घेतात आणि देताना कमी देतात. हा इशारा केवळ तराजूपुरता समजू नये. सकाळी पंधरा मिनिटे उशीर झाला म्हणून अर्धा रोज कापणारा आणि संध्याकाळी तासभर जास्त राबवून त्याचा उल्लेखही न करणारा प्रमुख दोन मापे वापरतो.

घाम वाळण्यापूर्वी मजुराची मजुरी द्यावी, ही इब्ने माजा यांच्या संग्रहातील हदीस आपण भिंतींवर लावतो. बुखारीतील एका हदीसनुसार ज्या तिघांविरुद्ध कयामतच्या दिवशी स्वतः अल्लाह वादी असेल, त्यांत मजुराकडून पुरते काम घेऊन मजुरी न देणाराही आहे. या संदर्भात आपल्या राज्याचा इतिहास अभिमानाचा आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील लाखो हात खडी फोडण्याच्या आणि तलावांच्या कामांवर राबले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने पक्की झाली व २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने मजुरी पंधरा दिवसांच्या आत देण्याचे बंधन घातले आणि सामाजिक अंकेक्षणाची तरतूद केली. म्हणजे हजेरीपट ग्रामसभेत मोठ्याने वाचावयाचा आणि ज्याचे नाव आहे त्याने उठून सांगावयाचे की मी खरोखर इतके दिवस काम केले काय, आणि मला पैसे मिळाले काय.

ही कल्पना मुहासब्याच्या फार जवळची आहे. तुमच्या हाताखालच्या माणसांचा हजेरीपट व पगारपत्रक उद्या मशिदीसमोर किंवा चावडीवर सर्वांदेखत वाचले गेले, तर कोणत्या ओळीवर तुमची मान खाली जाईल? ती ओळ आजच शोधा. कयामतच्या दिवशी ती वाचली जाणारच आहे.

न्यायाचे आणखी दोन प्रश्न आहेत. पहिला नात्यागोत्याचा. सोपे काम भाच्याला आणि उन्हातले काम परक्याला, असे वाटप आपण करतो काय? तुमच्या हाताखालची बरीच माणसे अन्य धर्मांची असतील. हिजरतच्या जोखमीच्या प्रवासात प्रेषित (स.) आणि हजरत अबू बकर (रजि.) यांनी वाटाड्या म्हणून ज्याला मोबदल्यावर नेमले, तो त्या वेळी कुरैशच्या धर्मावर होता. तो वाटांचा जाणकार होता आणि विश्वासू होता, म्हणून आपल्या दोन्ही उंटिणी त्यांनी त्याच्या हवाली केल्या. दुसरा प्रश्न भेटीचा. जकात गोळा करावयास पाठविलेल्या एका अधिकाऱ्याने परतल्यावर ‘हे तुमचे आणि हे मला भेट मिळालेले’ अशी वाटणी मांडली. त्यावर प्रेषितांनी (स.) विचारले की हा आपल्या आई-वडिलांच्या घरी बसून राहिला असता, तर ही भेट त्याला आली असती काय (बुखारी, मुस्लिम)? दिवाळीचा डबा असो की ईदचे पाकीट, खुर्ची काढून घेतल्यावरही ते आले असते काय, एवढेच विचारावे.

तिसरी कसोटी: ऐकण्याची तयारी

सूरह आले इमरानच्या १५९ व्या आयतीत प्रेषितांच्या (स.) मृदू स्वभावाला अल्लाहची कृपा म्हटले आहे. ते कठोर असते तर लोक त्यांच्याभोवतून पांगले असते, असे सांगून पुढे सोबत्यांशी सल्लामसलत करण्याचा आदेश दिला आहे. ज्यांच्याकडे वही येत होती, त्यांनाही सल्ला घेण्यास सांगितले गेले, तर आपण कोण? खंदकाच्या प्रसंगी हजरत सलमान फारसी (रजि.) यांची सूचना स्वीकारली गेल्याचे सीरतच्या ग्रंथांत येते. ते परदेशातून आलेले होते आणि एकेकाळी गुलाम होते. हजरत अबू बकर (रजि.) यांनी खलीफा झाल्यावर पहिल्याच भाषणात लोकांना सांगितले की मी योग्य वागलो तर मला साहाय्य करा आणि चुकलो तर मला सरळ करा.

स्वतःला विचारा: गेल्या तीन महिन्यांत माझ्या हाताखालच्या कोणी मला ‘हे चुकते आहे’ असे सांगितले काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर दोनच शक्यता उरतात. एक तर तुम्ही चुकतच नाही, किंवा तुमच्यासमोर सत्य बोलणे महाग पडते. पहिली शक्यता कोणाच्याही वाट्याला येत नाही. मग दुसरा प्रश्न: ज्याने शेवटचे असे काही सांगितले, त्याचे पुढे काय झाले? त्याला रात्रपाळी मिळाली, की आभार?

चौथी कसोटी: ओझ्यातील वाटा

हजरत अबूजर (रजि.) यांच्याकडूनच आलेल्या बुखारीतील हदीसचा आशय असा की तुमचे सेवक हे तुमचे बंधू आहेत. त्यांना झेपणार नाही असे ओझे त्यांच्यावर टाकू नका आणि टाकलेच तर स्वतः हातभार लावा. खंदक खणताना प्रेषितांनी (स.) स्वतः माती वाहिली, ती इतकी की त्यांच्या शरीरावर धुळीचा थर बसला. हजरत अनस (रजि.) यांनी दहा वर्षे त्यांची सेवा केली. या दहा वर्षांत एकदाही ‘उफ’ असा शब्द ऐकावा लागला नाही, हे केलेस का आणि ते का केले नाहीस, असे विचारले गेले नाही, अशी त्यांची साक्ष आहे.

ही साक्ष लहान वयात सेवेला आलेल्या मुलाची आहे, हे विशेष. नेत्याविषयी सर्वांत खरी साक्ष हाताखालचा सर्वांत लहान माणूस देत असतो. तुमच्या दुकानातला पोऱ्या, शाळेतला शिपाई, शेतातली सालगड्याची बायको तुमच्याविषयी आपल्या घरी काय सांगत असेल? तेच तुमचे खरे प्रगतिपुस्तक समजावे.

हिशेब कसा मांडावा?

आठवड्यातून एक वेळ ठरवावी. जुमाची अस्र ते मगरिबची वेळ पुष्कळांना सोयीची पडेल. एक साधी वही घ्यावी आणि खालील प्रश्नांची उत्तरे ओळी-दोन ओळींत, नावे व तारखा घालून लिहावीत.

१. या आठवड्यात मी कोणाचे देणे लांबविले? किती आणि का?

२. कोण गैरहजर होते? मी कारण आधी विचारले की शिक्षा आधी केली?

३. मी कोणावर चारचौघांत ओरडलो? चुकीबद्दल बोललो, की त्याच्या आई-बापांबद्दल व जातीबद्दल?

४. कोणाच्या कामाचे श्रेय मी स्वतःकडे घेतले? माझी कोणती चूक दुसऱ्याच्या नावावर गेली?

५. मला झेपले नसते असे कोणते काम मी दुसऱ्याला सांगितले?

६. मला कोणी काय नवे सांगितले व त्यावर मी काय केले?

महिन्यातून एकदा हाताखालच्या एका विश्वासू माणसाला एकांतात विचारावे की माझी कोणती एक सवय बदलली तर तुमचे काम सुकर होईल. विचारल्यावर गप्प राहावे. खुलासा देऊ नये. खुलासा दिला की पुढच्या महिन्यात उत्तर मिळत नाही. श्रद्धावंत हा श्रद्धावंताचा आरसा आहे, असे अबू दाऊद यांच्या संग्रहातील हदीस सांगते. आरशाशी कोणी वाद घालत नाही.

घरातही हा पाठ एकत्र वाचावा. बाप ठेकेदार असेल आणि मुलगी बँकेत अधिकारी असेल, तर दोघांनी एकमेकांना हे प्रश्न विचारावेत. मुले ऐकतील, आणि कष्टकऱ्याशी कसे बोलावे हे त्यांना उपदेशाविना कळेल.

हिशेबानंतर काय?

येथे अनेक जण थांबतात. चूक सापडली, डोळ्यांत पाणी आले, तौबा केली आणि विषय संपला असे त्यांना वाटते. परंतु जो अपराध माणसाच्या हक्काचा आहे, त्याची तौबा तो हक्क परत केल्याशिवाय पुरी होत नाही. मुस्लिम यांच्या संग्रहात खऱ्या दिवाळखोराची हदीस आहे. तो नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, पण त्याने कोणाला शिवी दिली असेल, कोणाचा माल खाल्ला असेल, कोणाला मारले असेल. त्याची पुण्ये एकेकाला वाटली जातील, ती संपल्यावर त्यांची पापे त्याच्यावर लादली जातील. हाताखाली पन्नास माणसे असणाऱ्याने या हदीसचा विशेष विचार करावा. त्याच्या दारात हक्क मागायला येणाऱ्यांची रांग लांब असू शकते.

म्हणून कापलेला अन्यायाचा रोज परत द्यावा. माणूस गाव सोडून गेला असेल, तर त्याचा शोध घ्यावा. तो हयात नसेल, तर वारसांना द्यावे. चारचौघांत अपमान केला असेल, तर माफीही चारचौघांतच मागावी. ‘मजुराची माफी मागितली तर वचक कसा राहील’ असे मन म्हणेल, पण ती सबब आहे.

या मार्गावर आशाही मोठी आहे. बुखारी व मुस्लिममध्ये गुहेत अडकलेल्या तिघांची कथा आहे. त्यांच्यापैकी एकाकडे एका मजुराची मजुरी राहून गेली होती. मजूर निघून गेला होता. याने ती मजुरी गुंतविली, वाढविली आणि पुष्कळ काळानंतर मजूर परतला तेव्हा सगळे वाढलेले धन त्याच्या हवाली केले. त्या कृत्याचा हवाला देऊन त्याने दुआ केली आणि गुहेच्या तोंडावरचा धोंडा पूर्णपणे सरकला. पहिल्या दोघांची कृत्ये आई-वडिलांच्या सेवेची आणि पावित्र्याच्या रक्षणाची होती. तिसरे कृत्य मजुराच्या चोख हिशेबाचे होते. त्याच रांगेत त्याला स्थान मिळाले, ही गोष्ट प्रत्येक मुकादमाने, मुख्याध्यापकाने आणि मालकाने मनावर कोरून ठेवावी.

हजरत आयशा (रजि.) यांनी प्रेषितांची (स.) एक दुआ कथन केली आहे (मुस्लिम). माझ्या उम्मतच्या कोणत्याही कामाचा जो प्रमुख होईल आणि लोकांशी कठोर वागेल, त्याच्याशी कठोरता व्हावी आणि जो मृदू वागेल, त्याच्याशी मृदुता व्हावी, असा तिचा आशय आहे. उद्या सकाळी तुम्ही कामावर जाल, हजेरीपट उघडाल, तेव्हा ही दुआ तुमच्यासाठीही मागितली गेलेली आहे, हे ध्यानात ठेवा. इतरांची नावे वाचण्यापूर्वी मनात आपले नाव घ्या आणि स्वतःलाच विचारा की मी हजर आहे काय.

अल्लाह आम्हा सर्वांना आपल्या राखणीतील माणसांचे हक्क ओळखण्याची आणि ते याच जगात फेडण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.